दादाला न पडलेलं स्वप्न

३ ऑगस्ट

दादा,

तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, म्हणून कागद. शाळा सुटल्यापासून मी एवढं मराठी हाताने लिहिलेलं नाही, तेव्हा काना-मात्रा सांभाळून घे.

आई बरी आहे. तुम्ही दोघं वहिनीच्या भावाकडे राहायला गेलात त्याला आता नऊ दिवस झाले. आई अजून चार माणसांचा भात लावते आणि मग उरलेल्याकडे बघत बसते. मला काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मला फक्त दोन गोष्टी क्लिअर करायच्या आहेत.

एक. माझा प्रोजेक्ट तुझ्या डेपोच्या फाईलमध्ये कसा गेला, ते मलाही नीट माहीत नाही. ऑफिसात कागद इकडचे तिकडे होत असतात. मी तो कॉलेजसाठी लिहिला होता. त्यात तुझं नाव कुठेही नाही, फक्त 'एक बसचालक, वय तेहतीस' असं आहे.

दोन. ते स्वप्न. डेपोचं पत्र आलं त्या दिवशी तू ते जेवणाच्या टेबलावर ठेवलंस. 'सदर चालक बस चालवण्यास अयोग्य', कमिटी बसेपर्यंत ड्यूटी बंद. आणि त्याला माझी चार पानं पिन केलेली. तू पहिलं पान उघडलंस, खूण केलेल्या ओळीवर बोट ठेवलंस आणि अगदी हळू विचारलंस, "हे स्वप्न मला कधी पडलं?"

मी म्हणाले, तू विसरला असशील. माणसं स्वप्नं विसरतातच, विसरण्यालाही आमच्या सायकॉलॉजीत एक नाव आहे.

तू माझ्याकडे बघितलंस आणि उठून बॅग भरायला गेलास. वहिनी ताटातलं टाकून तुझ्या मागे गेली.

मला अजून वाटतं की तू कधीतरी बोलता बोलता सांगितलं असशील. आठवून बघ ना.

कमिटी २६ सप्टेंबरला आहे, म्हणजे अजून वेळ आहे. ते तुला ड्यूटी परत देतीलच. तू बारा वर्षं बस चालवलीयस, एका स्वप्नाने काय होतंय?

तुझी,
टिटवी


११ ऑगस्ट

दादा,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. तू रागावलायस आणि तो तुझा हक्क आहे (हे मी मनापासून लिहितेय, कोर्समधलं वाक्य म्हणून नाही).

पण मी हे सगळं का केलं ते तरी ऐकून घे. मला मदत करायची होती.

फेब्रुवारीत तुझ्या बसच्या मागच्या दारात त्या बाईंचा हात अडकला. बस निघाली, त्या चार-पाच पावलं फरफटत गेल्या, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या बऱ्या झाल्या, पण तू नाही झालास. त्यानंतर तू प्रत्येक स्टॉपवर सीटवरून उतरायला लागलास. खाली उतरायचं, मागच्या दारापर्यंत चालत जायचं, दार हाताने दाबून बघायचं, मग परत येऊन बस काढायची. बावीस स्टॉप, बावीस वेळा. बस रोज लेट. लोकांच्या तक्रारी, डेपोच्या नोटिसा.

आणि त्याच वेळी आमच्याकडे नवीन सेमिस्टर सुरू झालं. सायकॉलॉजीची मोठी मोठी स्कूल्स. मी तुम्हाला समजावत होते आठवतं? स्कूल म्हणजे शाळा नाही, घराणी समजा, गवयांची असतात तशी. माणूस तोच, पण प्रत्येक घराणं त्याला वेगळ्या सुरात गातं. एक म्हणतं सगळं लहानपणात दडलंय. दुसरं म्हणतं दडलं-बिडलं काही नाही, माणूस जे करतो तेवढंच बघा. तिसरं म्हणतं विचार बदला. वहिनीने विचारलं होतं, "मग तुझं घराणं कुठलं?" आणि तू म्हणालास, "हिचं? या आठवड्यात जे शिकवलं ते."

सगळे हसलो. पण खरंच तसं झालं. ज्या आठवड्यात मॅडमनी जे शिकवलं, त्या आठवड्यात तुला तो आजार.

पहिल्या आठवड्यात मी तुला बाबांबद्दल विचारलं. ते गेले तेव्हा तू किती वर्षांचा होतास वगैरे. "अकरा," तू म्हणालास. "तू काय पाहुणी आहेस का या घरात?" स्वप्नं पडतात का विचारलं. "झोपतो तेव्हा झोपतो," म्हणालास आणि कूस बदलून घोरायला लागलास.

मग बिहेव्हियरिझम. त्यांचं म्हणणं सोपं असतं. उतरून दार बघितलं की तुझी भीती कमी होते, भीती कमी झाली की ते एक बक्षीस, आणि बक्षीस मिळालं की सवय घट्ट. म्हणून उतरायचंच नाही. मी सकाळच्या शिफ्टला तुझ्या मागच्या सीटवर स्टॉपवॉच घेऊन बसले. पाच स्टॉप उतरायचं नाही आणि प्रत्येक स्टॉपनंतर भीतीला दहापैकी मार्क द्यायचे. तू पहिल्याला म्हणालास दहा. दुसऱ्याला दहा. तिसऱ्याला काहीच बोलला नाहीस, तुझ्या मानेवरून घाम शर्टात जात होता. मी वहीत 'दहा' लिहिलं. चौथ्या स्टॉपवर तू बस बंद केलीस, उतरलास आणि बसला तीन चकरा मारल्यास. एक टाय लावलेला माणूस खिडकीतून ओरडला, "साहेब, ड्यूटीवर आहात की मॉर्निंग वॉकला?" सगळी बस हसली.

मीही हसले, दादा. तू आरशात बघितलंस का, ते मला माहीत नाही.

त्या माणसाने त्याच दिवशी लेखी तक्रार केली. सतरा मिनिटं उशीर. तीही तुझ्या फाईलमध्ये आहे.

नंतर कॉग्निटिव्हचा तक्ता, फ्रीजवर लावलेला. चार रकाने: मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, नवीन विचार. तू एकदाच भरलास. 'विचार: बहिणीने तक्ता लावलाय. पुरावा: तक्ता. विरुद्ध पुरावा: नाही.' आईला एवढं हसू आलं की तिला ठसका लागला.

मग तो आठवडा, ज्यात मी सल्ला द्यायचा नव्हता, नुसतं ऐकायचं आणि तुझंच बोलणं तुला परत द्यायचं. तू म्हणालास, दमलो. मी म्हणाले, म्हणजे तुला दमल्यासारखं वाटतंय. तू म्हणालास, हो, दमलो. मी म्हणाले, तुझ्या बोलण्यात थकवा जाणवतोय. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, "अरे, तो पोपट झाकून ठेव, माझं कुकरच्या शिट्ट्यांवर लक्ष राहत नाहीये."

हे सगळं वाचताना तुला हसू येतंय का? मला वाटलं होतं लिहिताना हलकं वाटेल.

टिटवी


२४ ऑगस्ट

दादा,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. कागद इकडचे तिकडे झाले नाहीत. मी नेऊन दिले.

प्रोजेक्टचं नाव होतं 'एक माणूस, पाच दृष्टिकोन'. वर्गात मला सगळ्यात जास्त मार्क पडले. मॅडमनी ते स्वप्न मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर वर्ग एकदम शांत होता, आणि मला ती शांतता इतकी आवडली की मी घरी येताना रस्ता चुकले.

तुझ्या डेपोत वेलफेअरच्या बाई बसतात ना, जिन्याखालच्या केबिनमध्ये, टेबलावर काचेखाली सगळ्यांच्या मुलांचे फोटो. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. मला वाटलं, त्या वाचतील, त्यांना कळेल की तू मुद्दाम बस लेट करत नाहीस, तुला दोन महिने रजा मिळेल. खरंच असं वाटलं होतं. पण हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की कॉलेजबाहेरच्या कुणीतरी मोठ्या माणसाने ते वाचावं आणि म्हणावं, वा.

त्यांनी वाचलं. म्हणाल्या, "फारच अभ्यासपूर्ण." मी खूश.

मग म्हणाल्या, "तुमच्या भावाला माहीत आहे ना, तुम्ही हे इथे देताय?"

मी "हो" म्हणाले. विचारही केला नाही. माझ्यासमोर त्यांनी झेरॉक्स काढली. मशीन जुनं होतं, प्रत्येक पान दोनदा टाकावं लागलं. चार पानं. मला थांबायला भरपूर वेळ होता.

आता स्वप्न.

पहिल्या भागाला स्वप्न लागतं, दादा. ते घराणं स्वप्नाशिवाय उभंच राहत नाही, आणि तू दिलं नाहीस. सबमिशन साडेचारला होतं. मी लायब्ररीत खिडकीजवळच्या टेबलावर बसले होते, एका हातात बन, पुढे लॅपटॉप. मी टाईप केलं: 'चालकाला वारंवार एक स्वप्न पडतं. बस माणसांनी भरलेली आहे. त्याचा पाय ब्रेकवर आहे. पुढे वळण येतं. त्याला ब्रेक दाबता येतो, पण दाबावासा वाटत नाही.'

दहा मिनिटं लागली असतील. शेवटचं वाक्य आधी 'ब्रेक लागत नाही' असं होतं. ते फारच साधं वाटलं. 'दाबावासा वाटत नाही' केल्यावर त्यात खोली आली.

त्याच वाक्याखाली कमिटीच्या डॉक्टरांनी लाल रेघ मारलीय. 'प्रवाशांच्या जिवाला धोका संभवतो.'

आणि त्या दिवशी टेबलावर तू मला विचारलंस, आणि मी तुला म्हणाले, तू विसरला असशील. तुझं डोकं कसं चालतं ते मला जास्त कळतं, असं तोंड करून म्हणाले. प्रोजेक्ट, झेरॉक्स, सगळं एकीकडे, आणि हे एकीकडे.

हे लिहून टाकलं. आता तुला माहीत आहे.


६ सप्टेंबर

दादा,

हे पत्र वाचून फाडून टाक. का ते पुढे कळेल.

मी काल तुझ्या कंडक्टरला भेटले, उंटाला. तो डेपोसमोरच्या टपरीवर उभा होता, मान छपराखाली वाकवून. मला बघून म्हणाला, "या डॉक्टरीणबाई. आज माझा नंबर का?"

मी म्हणाले, नाही, मला फक्त एक विचारायचंय. दादा प्रत्येक स्टॉपवर का उतरायचा?

तो हसायचा थांबला. "सहा महिने त्याच्यावर अभ्यास केलास, आणि हे मला विचारतेस?"

"त्याला विचारलं नाही कधी."

"काय सांगतेस! मग काय विचारलंस एवढे दिवस?"

मी तुला भीती दहापैकी किती ते विचारलं होतं, बाबा कसे होते ते विचारलं होतं. 'का उतरतोस' हा प्रश्न एकाही पानावर नाही. उत्तर मला आधीच माहीत होतं ना, पाच-पाच.

उंटाने ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "त्या दिवशी डबल बेल मी दिली. मागे गर्दी होती, मला दार दिसत नव्हतं. तरी दिली. बस कंडक्टरच्या बेलवर निघते, तुला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. तुझ्या बसमध्ये मी लहानपणापासून बसतेय.

"माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. पक्की व्हायला दोन महिने राहिले होते. तुझ्या भावाने जबाबात लिहून दिलं, 'मी बेलची वाट न बघता बस काढली.' मला विचारलं पण नाही, सरळ लिहून मोकळा. आणि दुसऱ्या दिवसापासून उतरायला लागला." त्याने डेपोच्या फाटकाकडे बघितलं. "माझ्या बेलवर त्याचा भरवसा उरला नव्हता, आणि हे मला तोंडावर सांगायचंही नव्हतं. म्हणून स्वतः जाऊन बघायचा. मी बेल दिली की मान हलवायचा, 'बरं' म्हणायचा, आणि उतरायचा. सगळी बस त्याला हसायची, आणि मी तिकिटं फाडत उभा."

मी विचारलं, फक्त एवढंच? मग तो घरी रोज दाराची कडी तीनदा का बघायचा?

"ते मला काय माहीत? झाली असेल भीती पण. मी कुठे म्हणतो नव्हती. तूच बघ बाई, शिकलेली तू."

जाताना म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस. तुझ्या वहिनीला पण नाही. मी सांगेन कधीतरी. माझं मी सांगेन."

मी हो म्हणाले. या वेळी विचार करून म्हणाले.

तुला भीती होती का नव्हती, मला कळत नाही. दोन्ही असेल. पण जे मी 'लक्षण' म्हणून लिहिलं, त्यात निम्मं तुझं शहाणपण होतं आणि निम्मी तुझी मैत्री. पाचही घराणी तुझ्या डोक्यात बॅटरी मारत होती आणि एकही बसच्या मागच्या दारापर्यंत चालत गेलं नाही. खरं तर घराण्यांना कशाला बोल लावू. दोघा-तिघांनी तर पुस्तकात स्पष्ट लिहून ठेवलंय की आधी माणसाला विचारा. मी ते हिरव्या पेनने अंडरलाईन केलंय.


१३ सप्टेंबर

दादा,

आज मी आले होते. तुला माहीतच असेल, तू मागच्या खोलीत होतास, तुझ्या चपला दारात होत्या.

वहिनीने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी विचारलं, दादाने पत्रं वाचली का?

तिने मान मागे वळवून दाखवलं. फ्रीजवर, साखरेच्या डब्याला टेकून. चारही. बंद.

"तो उघडत नाही," वहिनी म्हणाली. "आणि मी पण उघडणार नाही. तुम्हा भावंडांच्या मधे मला ओढू नका."

"वहिनी, त्यात मी सगळं कबूल केलंय."

"कुणाजवळ?"

मी फ्रीजकडे बघितलं.

"पाकिटाजवळ?" ती म्हणाली. मग जरा मऊ झाली, तिला तसं राहवतच नाही. "तो रात्रीचा झोपत नाही गं. मला विचारतो, 'मी झोपेत काही बोलतो का?' नाही म्हटलं तर म्हणतो, 'नीट ऐक, कदाचित बोलत असेन.' त्याला वाटायला लागलंय की ते स्वप्न पडलं असेल. तू एवढी शिकलीस, तू म्हणालीस पडलं, म्हणजे पडलं असेल."

दादा, मी तिथे पायरीवर बसले.

माझ्या मनात होतं की मी तुला लिहिलं म्हणजे तुला कळलं. तीन आठवडे मी हलकी होऊन फिरत होते. आईबरोबर टीव्ही बघत होते. आणि तू तिकडे स्वतःच्या झोपेवर पाळत ठेवून होतास.

अजून एक राहिलंय, ते मी कुठल्याच पत्रात लिहिलं नाही. पाचव्या आठवड्यात मी तुला मेंदूतल्या केमिकलचं सांगत होते. तू म्हणालास, "डिझेलसारखं?" मी म्हणाले, साधारण. "मग भरून टाक की." हसलास. पण मग वहिनी पाणी आणायला गेली तेव्हा तू हळूच विचारलंस, "खरंच गोळी असते का यावर? कुणाला दाखवायचं असतं?" तू मला एकदाच खरं काहीतरी विचारलंस. आणि मी म्हणाले, "ट्रीटमेंट पुढच्या वर्षीच्या सिलॅबसला आहे."

तिथून मी सरळ कॉलेजात गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "त्याची सही घेतली होतीस, संमतीच्या फॉर्मवर?" मी म्हणाले, सही मीच केली. "आणि स्वप्न?" मीच. त्या म्हणाल्या, "वर्गात वाचून दाखवलं मी ते." जवळजवळ स्वतःशीच.

मी म्हणाले, मला कमिटीपुढे बोलायचंय, कॉलेजचं पत्र मिळेल का? त्या म्हणाल्या, पत्र देते, पण ते दिलं की इथेही नोंद होईल, तुझं वर्ष जाईल, कदाचित पुढे प्रॅक्टिस करायलाही अडचण येईल. विचार करून सांग.

मला ते काम किती करायचंय तुला माहीत आहे. दहावीपासून दुसरं काही बोललेच नाही मी. अशा कामाला मी लायक आहे का, हे आज पहिल्यांदा मनात आलं.

पत्र घेतलं.

हे पाकीटही फ्रीजवर जाईल. तरी टाकते.


२७ सप्टेंबर

दादा,

काल तू तिथेच होतास, तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझ्या बाजूने ते कसं होतं ते तुला दिसलं नसेल. तू पूर्ण वेळ नखांकडे बघत होतास.

टेबलामागे तिघं. डेपो मॅनेजर, डॉक्टर आणि कोपऱ्यातले ते गृहस्थ, ज्यांनी फक्त पाणी प्यायलं. भिंतीवर बसच्या रूट्सचा नकाशा.

डॉक्टरांनी पानं वर धरली. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"आणि हे स्वप्न त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं?"

"सांगितलं नाही. मी बनवलं."

"बनवलं म्हणजे?"

"म्हणजे त्याला ते पडलंच नाही. मला प्रोजेक्टला एक स्वप्न हवं होतं. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, झोपतो तेव्हा झोपतो. म्हणून मी लायब्ररीत बसून लिहिलं."

मॅनेजर म्हणाले, "अहो बाई, हा काय निबंध आहे?"

"हो," मी म्हणाले. "निबंधच आहे. तुम्ही तो मेडिकल रिपोर्ट म्हणून लावलाय."

हे मला उद्धटपणे बोलायचं नव्हतं. तसं निघालं. कोपऱ्यातले गृहस्थ पाणी पिता पिता थांबले.

तेव्हा तू वर बघितलंस. माझ्याकडे नाही, डॉक्टरांच्या हातातल्या पानांकडे. तुझा खांदा जरासा खाली आला. मला एवढंच दिसलं. बाकी काही मी त्यात घालणार नाही.

मग मॅनेजरांनी तो प्रश्न विचारला. "ठीक आहे, स्वप्न सोडा. पण हे बावीस स्टॉपवर उतरायचे, हे तर खोटं नाही ना? तुम्ही एवढा अभ्यास केलात, का उतरायचे?"

दादा, मला उत्तर माहीत होतं. दोन वाक्यांचं काम होतं. बाहेरच्या बाकावर उंट बसला होता, दार अर्धं उघडं होतं, त्याचे लांब पाय मला दिसत होते. मी ते सांगितलं असतं तर कदाचित तुझी केस तिथेच संपली असती. माझ्या तोंडात आलं होतं.

मी तुझ्याकडे बघितलं. तू अगदी थोडी मान हलवलीस. नाही.

मी म्हणाले, "मला माहीत नाही. मी त्याला कधी विचारलं नाही."

मग त्यांनी तुलाच विचारलं, आणि तू म्हणालास, "एकदा दारात माणसाचा हात अडकलेला बघा साहेब. मग बोलू." बाहेर ते लांब पाय आत ओढले गेले. आत कुणी आलं नाही.

निकाल तुला मिळालाच. माझी चार पानं फाईलमधून बाहेर. रेग्युलर डॉक्टरांची तपासणी, आणि तीन महिने डेपोच्या आवारात, बस धुण्याच्या जागेपासून पार्किंगपर्यंत न्यायच्या. रिकाम्या. मग पुन्हा टेस्ट. मी ते उत्तर दिलं असतं तर तू सोमवारपासून रस्त्यावर असतास का? हे मी आयुष्यभर विचारत राहीन. पण माझं नसलेलं उचलून कुणाच्या तरी टेबलावर ठेवायचं, हे मी एकदा करून बघितलंय.

जिन्यात तू माझ्या पुढे होतास. वहिनी म्हणाली, "तिच्याशी बोल काहीतरी." तू थांबलास. मागे न वळता म्हणालास, "त्या टेबलावर बसून मला सांगितलंस ना, विसरला असशील म्हणून."

"हो."

"ते नको होतंस सांगायला."

"हो."

"बाकीचं एक वेळ..." आणि पुढे काही न बोलता उतरून गेलास.

ते 'एक वेळ' मी पकडून बसणार नाही. तू काय म्हणणार होतास ते मी पूर्ण करणार नाही.

कॉलेजची नोटीस आज आली. एक वर्ष. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि तांदूळ धुवायला घेतले.


९ ऑक्टोबर

(पोस्टकार्ड)

दादा,

वहिनी म्हणाली, मागचंही पाकीट फ्रीजवर आहे. म्हणून आता कार्ड. हे बंद ठेवता येत नाही. पोस्टमनने वाचलं तरी चालेल, वहिनीच्या भावाने वाचलं तरी चालेल, आणि पुन्हा शंका आली तर पुन्हा वाचता येईल असं कुठेतरी ठेव.

ते स्वप्न तुला कधीही पडलं नाही. ते मी बनवलं. तुझ्या झोपेत काही नाही.

बाकीचं उघड्या कार्डावर लिहिण्यासारखं नाही, आणि सगळं माझंही नाही.

टिटवी